घरशाळेचं वर्ष आखताना: आधी घड्याळ, मग पुस्तकं

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्या घरी अकरा किलोचं एक खोकं आलं. परदेशी अभ्यासक्रम, दोन मुलांना पुरेल असा, प्रत्येक दिवसाचा धडा आखून दिलेला. किंमत सांगत नाही, सासूबाई माझे लेख वाचतात. पहिल्याच आठवड्याचा प्रकल्प होता, अंगणात जाऊन पानगळीची रंगीत पानं गोळा करा. आम्ही साताऱ्यात राहतो. जूनमध्ये आमच्या अंगणात चिखल असतो आणि शेजारच्या झाडाची पडलेली जांभळं. पोरांनी तीच गोळा केली, खाल्ली आणि जिभा रंगवून परत आली.

पानांचं निभावून नेलं असतं. खोक्यासमोर मी हरले ती वेगळ्याच गोष्टीत. सोबतच्या पालक-पुस्तिकेत गृहीत धरलं होतं की एक मोठं माणूस रोज चार तास मुलांशेजारी बसणार. मी घरून लोकांचे जीएसटीचे रिटर्न भरते. दर महिन्याच्या ११ आणि २० तारखेआधीचे तीन-चार दिवस मला जेवायचीही शुद्ध नसते. नवरा एमआयडीसीत, त्याची शिफ्ट दर आठवड्याला बदलते. ऑगस्ट उजाडेपर्यंत आम्ही आखलेल्या दिवसांच्या पाच आठवडे मागे होतो आणि मुलीने विचारलं, "आई, आपण नापास झालो का?"

अभ्यासक्रम निवडताना मूल कसं आहे, त्याला काय आवडतं, हे सगळे विचारतात. विचारायलाच हवं. शिकवणाऱ्या माणसाकडे किती तास आहेत आणि किती दम आहे, हे मात्र कुणी विचारत नाही, आणि वर्ष कोलमडतं ते नेमकं इथं. म्हणून खाली जो क्रम दिलाय त्यात पुस्तकं तिसऱ्या नंबरवर येतात. मुलगी आता ११ वर्षांची आहे, मुलगा ७. उदाहरणं त्यांचीच आहेत.

पहिलं काम: दारं मोजून घ्या

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वयाच्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण, हे त्याचं सूत्र. कलम १० प्रमाणे मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य आहे, पण ते न पाळणाऱ्या पालकाला शिक्षा काय, हे कायद्यात लिहिलेलं नाही. घरी शिकवण्याबद्दल तर कायदा चकार शब्द काढत नाही. त्यामुळे "हे कायदेशीर आहे का हो?" या प्रश्नाला सरळ उत्तर नाही, आणि एखादा नातेवाईक लग्नाच्या पंगतीत ते ठामपणे देत असेल तर त्याला जिलबी वाढावी. आपल्या कामाचं कलम आहे ४. शाळेत न गेलेल्या मुलाला वयानुसार इयत्तेत प्रवेश मिळतो आणि मागे पडलेलं भरून काढायला खास शिकवणीचा हक्कही असतो. म्हणजे परतीचं दार उघडं आहे. घरशाळा जमली नाही तर सातवीतल्या वयाचं मूल पहिलीत बसवावं लागत नाही.

पुढची दारं परीक्षेची. महाराष्ट्रातल्या कुटुंबासाठी ती साधारण चार आहेत.

राष्ट्रीय मुक्त विद्यालय, म्हणजे एनआयओएस. १९८९ साली सुरू झालेली ही केंद्र सरकारची संस्था. दहावीसाठी वय किमान १४ लागतं. आधीच्या शाळेचा दाखला नसेल तर हा अभ्यास झेपेल असं स्वतःचं लेखी निवेदन चालतं. निदान एक भाषा धरून पाच विषय घ्यायचे. वर्षातून दोनदा परीक्षा होते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. एकदा नाव नोंदवलं की पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, आणि पाचही विषय एकदम द्यायची सक्ती नाही. माझ्यासारख्या घराला हे फार सोयीचं, कारण दोन विषय एका हंगामात आणि तीन पुढच्या हंगामात देता येतात. मराठी माध्यम आहे. एकच सावधगिरी: गणित आणि विज्ञान वगळूनही दहावी होता येतं, म्हणून मुलं ते वगळायला टपलेली असतात. पुढे विज्ञान शाखेकडे जाण्याची जरा जरी शक्यता असेल तर वगळू देऊ नका.

राज्य मंडळाचा १७ नंबर फॉर्म. खासगी विद्यार्थी म्हणून दहावी-बारावी. दहावीसाठी किमान पाचवी पास असल्याचा कागद लागतो आणि वय १४ पूर्ण. परीक्षा नेहमीच्या मुलांबरोबरच असते, पण नोंदणी आदल्या वर्षीच करावी लागते. घरशाळेतली बरीच मुलं अडकतात ती इथं, मुलाची तयारी असते आणि तारीख गेलेली असते.

आता पाचवीचा कागद आणायचा कुठून? त्यासाठी तिसरं दार, महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ. इथे १० वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला पाचवीची आणि १३ पूर्ण झालेल्याला आठवीची परीक्षा देता येते. आम्ही मुलीला याच वाटेने नेतोय.

चौथं दार केंब्रिजच्या आयजीसीएसईचं, म्हणजे दहावीच्या तोडीच्या परदेशी परीक्षेचं. नोंदणीकृत केंद्रातून खासगी उमेदवार म्हणून बसता येतं. फी दर विषयाला वेगळी आणि भरपूर, वर केंद्र बहुधा पुण्या-मुंबईत. परदेशी जायचं नक्की असेल तर विचार करा, नाहीतर खोक्याची गोष्ट आठवा.

मूल नऊ वर्षांच्या आतलं असेल तर दार ठरवायची घाई नको. नऊच्या पुढे मात्र एका कागदावर उलटं गणित मांडा. माझी मुलगी ११ ची, १४ पूर्ण व्हायला तीन वर्षं. त्यातलं शेवटचं वर्ष परीक्षेच्या पुस्तकांना. उरली दोन. या दोन वर्षांत तिचं अंकगणित पक्कं होऊन बीजगणिताची ओळख व्हायला हवी आणि अनोळखी मराठी उतारा स्वतः वाचून त्यावर पानभर लिहिता यायला हवं. बाकीचं थोडं मागेपुढे झालं तरी चालेल.

फी, अर्जाच्या तारखा आणि विषयांच्या याद्या बदलत राहतात. त्या त्या मंडळाच्या संकेतस्थळावरूनच घ्या, कुणाच्या फॉरवर्डवरून नको.

दुसरं काम: तुमचे तास

शाळेसाठी कायद्यातलं माप आहे: पहिली ते पाचवी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवी २२० दिवस आणि १००० तास. हे आकडे बघून नवे पालक घाबरतात. शाळेच्या त्या तासांत हजेरी असते, रांगा असतात, वह्या गोळा करणं असतं आणि तीस-चाळीस पोरांना गप्प करणं असतं. समोरासमोर एकच मूल असेल तर दोन तासांत खूप होतं. सात वर्षांच्या मुलाला दीड तासापेक्षा जास्त बसवलं तर पुढचा अर्धा तास तुम्ही स्वतःशीच बोलत असता.

माझा हिशेब असा. वर्षाचे आठवडे ५२. त्यातून उन्हाळ्याचे ६, गणपतीचा १, दिवाळीचे २, मार्चअखेरचे ३ आणि आजारपणं, लग्नं, पाहुणे यांचे ४ वजा. उरले ३६. रिटर्नचे दिवस सोडले तर आठवड्याला सरासरी ४ दिवस मी खरोखर मोकळी असते, दिवसाला अडीच तास. ३६ गुणिले ४ गुणिले अडीच, म्हणजे ३६० तास. माझं अख्खं वर्ष एवढंच आहे. मुलीसाठी ते असे वाटले: गणित १००, मराठी ८०, इंग्रजी ७०, विज्ञान आणि परिसर ६०, बाकी सगळं ५०. दोन्ही मुलं एका वेळी टेबलाशी असतात, त्यामुळे मुलाचे तास याच अडीच तासांच्या पोटात बसतात. ते कसं, हे पुढे सांगते.

हिशेब पेनाने करा आणि आजारपणांचे आठवडे खोडू नका. पहिल्या वर्षी मी ते शून्य धरले होते. डेंग्यूने तीन आठवडे नेले.

तासांबरोबर दमही लिहा. मला गणित शिकवायचा कंटाळा येत नाही, इंग्रजी कवितेचा येतो. नवऱ्याची दुसरी शिफ्ट असते तेव्हा त्याच्याकडे पूर्ण सकाळ असते. सासूबाईंना पावकी, निमकी, पाऊणकी, सवाईकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे सगळे पाढे अजून तोंडपाठ आहेत. त्या भाजी निवडताना औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, म्हणतात आणि सातावर आल्या की "साडेचोवीस" असं अशा ठसक्यात सांगतात की मुलगा बाहेरून धावत येतो. अपूर्णांकाची इतकी चांगली तयारी मला विकत मिळाली नसती. घरातल्या प्रत्येक माणसापुढे त्याला येणारी एक गोष्ट लिहून ठेवा, आजोबांपासून ते समोरच्या सायकल दुरुस्तीवाल्यापर्यंत.

तिसरं काम: आता पुस्तकं

प्रत्येक विषयाला एकच कणा. दुसरं पुस्तक आणायचं ते पहिलं निदान निम्मं संपल्यावर.

मराठीतून शिकवणाऱ्यांसाठी पहिला पर्याय अर्थातच बालभारती. संस्था १९६७ पासून पुण्यात आहे, सगळी पुस्तकं संकेतस्थळावर पीडीएफमध्ये फुकट मिळतात. मराठी, इंग्रजी, हिंदी, उर्दू अशा अनेक माध्यमांत तेच पुस्तक असल्यामुळे सेमी इंग्रजीवाल्यांना गणिताचं पान दोन्ही भाषांत शेजारी ठेवून वाचता येतं. ही सोय लोक वापरत नाहीत, वापरून बघा. दुसरा पर्याय एनसीईआरटी, म्हणजे केंद्राची पाठ्यपुस्तकं काढणारी संस्था, तिचीही पीडीएफ फुकट. २०२३ ते २०२५ या तीन वर्षांत त्यांची पहिली ते आठवीची पुस्तकं नवी झाली, आणि गणिताच्या नव्या पुस्तकांत कोडी आणि विचार करायला लावणारं काम जास्त आहे. आपल्या राज्यातही पहिलीचा अभ्यासक्रम २०२५-२६ पासून बदलला आणि पुढच्या इयत्ता टप्प्याटप्प्याने बदलतायत. म्हणून जुनी पुस्तकं घेताना छपाईचं साल बघा, नाहीतर मोठ्या भावाच्या पुस्तकातून शिकलेलं मूल परीक्षेला वेगळाच धडा बघेल.

तयार संच विकणाऱ्या कंपन्याही आहेत. काही चांगले असतील. माझी अट एवढीच: विकत घेण्याआधी तीन धडे प्रत्यक्ष शिकवून बघायला मिळाले पाहिजेत. हीच तीन धड्यांची परीक्षा मी फुकटच्या पुस्तकांनाही लावते. पहिला धडा एखाद्या चांगल्या दिवशी घ्या. दुसरा मुद्दाम थकलेल्या दिवशी, काही तयारी न करता. तिसरा एक आठवडा मध्ये सोडून. दुसऱ्या धड्याला पुस्तकाने तुम्हाला सांभाळून घेतलं का? निम्मं काम मुलाने एकट्याने केलं का? आठवड्याने परत आल्यावर धागा सापडला का? माझं अकरा किलोचं खोकं दुसऱ्या धड्यालाच आपटलं असतं.

इयत्ता ठरवायलाही एक साधी रीत आहे. मुलाच्या वयाच्या एक इयत्ता खालचं पुस्तक घ्या, प्रत्येक प्रकरणाच्या शेवटचे दहा प्रश्न सोडवायला द्या. आठ बरोबर आले तर प्रकरण सोडा. पाच ते सात आले तर तेवढ्याच जागेची डागडुजी. पाचाच्या खाली असेल तर ते प्रकरण पहिल्यापासून. माझी मुलगी वाचनात आठवीला आणि भागाकारात चौथीला निघाली. मला वाईट वाटलं, तिला नाही. घरशाळेत एका मुलाच्या चार इयत्ता असू शकतात, तोच तर फायदा.

विषयवार माझी मतं सांगते, पटली तर घ्या.

गणिताला क्रम लागतो, तिथे पुस्तकाशी एकनिष्ठ राहा. मराठीतून शिकणाऱ्या लहान मुलाचा एक खास अडथळा मात्र आधीच ओळखा: संख्यांची नावं. एकोणतीस ऐकलं की तीस डोक्यात येतं, त्रेसष्ट लिहिताना हात आधी तीनकडे जातो. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला 'वीस एक' असं वाचन आलं, तेव्हा राज्यभर गदारोळ झाला होता. त्या वादात मी पडत नाही, पण घरात आम्ही दोन्ही वापरतो. माझ्या मुलाला दोन महिने "साठ तीन म्हणजे त्रेसष्ट" असं जोडीने म्हणायला लावलं. दहा-दहाच्या आईसक्रीमच्या काड्यांचे रबर लावलेले गठ्ठे आणि सुट्ट्या काड्या, बस. सहा गठ्ठे आणि तीन काड्या हातात असताना त्रेसष्टचे छत्तीस होत नाहीत.

वाचनाला अ आ इ ई पासून सुरुवात करायची गरज नाही. ज्या अक्षरांतून लगेच शब्द बनतात ती आधी घ्या. म, ग, र, न, घ एवढी पाच अक्षरं आली की घर, मन, मगर, गरम, नरम, नगर, घन असे शब्द मूल पहिल्या आठवड्यातच वाचतं, काना-मात्रेशिवाय. मग काना, मग आणखी चार अक्षरं. जोडाक्षरांचा बाऊ करू नका, पण र च्या चार रूपांना, म्हणजे सूर्य, चक्र, ट्रक आणि ऱ्हास यांतल्या, वेगळा आठवडा द्या. मोठ्या मुलांसाठी मराठीच्या पाठ्यपुस्तकापेक्षा वाचनालयाची वर्गणी जास्त काम करते. बालभारतीचंच 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं आणि जुने अंक ऑनलाइन फुकट आहेत. त्यात माझी मुलगी एकदा शिरली की दोन तास मला हात मोकळे.

इंग्रजीला रोज वीस मिनिटं मोठ्याने वाचन आणि आठवड्याला एक पत्र. व्याकरण दहाव्या वर्षानंतर. यावर भांडणारे खूप भेटतील, भेटू देत.

विज्ञानाला हात घाण व्हायला हवेत. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या आवारात मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, तिथली टाकाऊतून केलेली खेळणी घरी बनवता येतात आणि त्यांच्या कृती नेटवर मिळतात. कला आणि संगीताला बाहेरच्या परीक्षांचा आधार घ्या. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या गायन-वादनाच्या परीक्षांना शाळेचा संबंध नसतो, आणि घरात शिकणाऱ्या मुलाला अनोळखी परीक्षकासमोर बसायची सवय लागते.

चौथं काम: भिंतीवरचं कॅलेंडर

मे महिन्यात एक मोठं भिंतीवरचं कॅलेंडर आणि तीन रंगांची पेनं घ्या. जून ते मे असं वर्ष धरा. विदर्भातल्यांची शाळा उशिरा उघडते, तुम्हीही उन्हाच्या हिशेबाने सरका.

लाल पेनाने आधी अभ्यास न होणारे दिवस. माझ्याकडे दर महिन्याच्या ८ ते ११ आणि १७ ते २० वर लाल चौकोन असतो. त्या दिवसांत मुलं फक्त स्वतः करता येईल तेच करतात: वाचन, पाढे, चित्र, शुद्धलेखन. तुमच्या घरी ते चौकोन वेगळे असतील, परीक्षांचा हंगाम असेल, शेतीतली सुगी असेल, आईची रात्रपाळी असेल. ते आधी रंगवा आणि मगच पुस्तक उघडा.

निळ्या पेनाने ऋतू. काय कधी शिकवायचं हे पुस्तकाच्या अनुक्रमणिकेने ठरवायचं कारण नाही, गणित सोडून. आमच्या जिल्ह्यातून आषाढी एकादशीआधी ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा ओलांडून लोणंद, फलटणकडे जाते. त्या पंधरवड्यात नकाशा, प्रमाण, अंतर, एक-दोन अभंग आणि शक्य असेल तर तरडगावजवळच्या चांदोबाच्या लिंबाचं रिंगण. भाद्रपदाच्या सुमाराला कासचं पठार फुलतं, तेव्हा वनस्पती. दिवाळीनंतर कऱ्हाडच्या बाजूला गुऱ्हाळं पेटतात, तेव्हा द्रावण, उकळणं, बाष्पीभवन, आणि एका काहिलीतल्या रसाचा गूळ किती याचा हिशेब. तुमच्याकडे खाडी असेल तर भरती-ओहोटी, कापूस असेल तर सूत.

पावसाळ्याचा प्रयोग सगळ्यांनाच जमतो, म्हणून तो नीट सांगते. सरळ भिंतीची प्लास्टिकची बाटली घ्या. वरचा निमुळता भाग कापा आणि उलटा करून नरसाळ्यासारखा तोंडात बसवा. बुडाला खळगे असतात, म्हणून थोडे खडे टाकून बाटलीची भिंत सरळ होते तिथपर्यंत पाणी भरा आणि तिथं शून्याची रेघ मारा. बाहेरून मिलिमीटरची पट्टी चिकटवा. बाटली उघड्यावर, विटांच्या आधाराने ठेवा आणि रोज सकाळी आठला मोजून परत शून्यावर आणा. चार महिने रोज एक आकडा. त्यातून स्तंभालेख निघतात, सरासरी निघते, दशांश निघतात. आणि मग हा हिशेब: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लीटर पाणी. आमची गच्ची ६०० चौरस फूट, साधारण ५६ चौरस मीटर. एका दिवशी ४० मिलिमीटर पडला, म्हणजे २,२४० लीटर. मुलीने गच्चीवरच्या हजार लीटरच्या टाकीकडे बघितलं, मग गटारात जाणाऱ्या पाईपकडे, आणि त्या संध्याकाळी बापाला पन्हळ बसवण्याविषयी दोन पानी अर्ज लिहिला. मराठीचा तासही त्यातच झाला.

शेवटी हिरव्या पेनाने गणिताची प्रकरणं, फक्त महिन्याची. रोजचा धडा कॅलेंडरवर लिहू नका. पुस्तकात १४ प्रकरणं असतील आणि तुमचे महिने नऊ असतील तर दर महिन्याला साधारण दीड प्रकरण. दर चौथा आठवडा कोरा ठेवा. तो भरतोच.

एक मंगळवार

वेळापत्रक सांगण्यापेक्षा एक खराखुरा दिवस सांगते. नऊला भांडी आवरून टेबल पुसलं. पहिला अर्धा तास मुलासोबत वाचन, तेव्हा मुलगी आदल्या दिवशीची चुकलेली गणितं स्वतः दुरुस्त करते. नंतर पाऊण तास मुलीचं गणित, आणि मुलगा शेजारी काड्यांचे गठ्ठे करतो, निदान करायला हवेत. त्या मंगळवारी तो टेबलाखाली मांजराला पाढे शिकवत होता. सव्वा दहाला पोहे. मग तासभर दोघांना एकत्र परिसर किंवा इतिहास. गोष्ट एकच, काम वेगळं: मुलगा अजिंक्यतारा किल्ल्याचं चित्र काढतो, मुलगी शहराला पाणी कुठून येतं त्याचा नकाशा. साडेअकराला संपलं. एक चतुर्थांश तास वाया गेला, मांजरामुळे.

एकाहून जास्त मुलं असणाऱ्यांनी एवढं धरावं: वाचन आणि गणित वेगळं, बाकी सगळं एकत्र. दोघांना दोन विज्ञान, दोन इतिहास शिकवायला निघालात तर दिवाळीच्या आत आवाज बसतो.

दुपारनंतर आमच्याकडे अभ्यास नसतो. संध्याकाळी मैदान, तेही वेळापत्रकात लिहा, कारण शेजारच्या शाळेतली मुलं साडेपाचला सुटतात आणि तीच आमच्या मुलांची दोस्तमंडळी आहेत.

नोंदी

तपासणीला कुणी येत नाही, पण नोंदी ठेवा, कारण फेब्रुवारीत तुम्हालाच वाटणार की या वर्षात काहीच झालं नाही. दर शनिवारी दहा मिनिटं, एका वहीत तीन ओळी प्रत्येक मुलाच्या: काय झालं, काय अडलं, काय विचारलं. तिसरी ओळ सगळ्यात उपयोगाची. महिन्यातून एक लेखन, एक गणिताचं पान आणि एक चित्र तारीख घालून फाईलमध्ये. जन्मदाखला, आधार, आधीच्या शाळेचा मूळ दाखला आणि मिळालेली प्रमाणपत्रं वेगळ्या पाकिटात, लॅमिनेट न करता. एनआयओएसला पुढे प्रत्येक विषयाला लेखी गृहकार्य द्यावं लागतं आणि त्याला गुण असतात. वेळेत लिहून देण्याची सवय याच फाईलमधून लागते.

दिवाळीत थांबून बघा

फराळाची भांडी घासून झाली की कॅलेंडर खाली उतरवा. बदल करायचा तो आता, जानेवारीत उशीर झालेला असतो. पण काय बदलायचं हे आधी ओळखा. मूल पुस्तक उघडलं की रडतं, आणि तुम्ही ताजेतवाने असतानाही रडतं, तर पुस्तक बदला. पुस्तक आवडतंय पण मागे पडलंय, तर पुस्तकाला दोष देऊ नका, तास मोजा. माझं गेल्या दिवाळीत हेच झालं. गणित दोन प्रकरणं मागे होतं. मी नवं पुस्तक शोधायला बसले, तेवढ्यात नवऱ्याने शनिवारची वही समोर ठेवली: सप्टेंबरमध्ये एक अख्खा आठवडा मी एका ग्राहकाच्या नोटिशीत होते. पुस्तक तेच ठेवलं, हिंदी जूनपर्यंत पुढे ढकलली, आणि सुटलेला वेळ भागाकाराला दिला.

काय सोडायचं याचा क्रम मी आधीच ठरवून फाईलच्या पहिल्या पानावर लिहिलाय: आधी हिंदी, मग व्याकरणाच्या वह्या, मग इतिहासातले प्रकल्प. वाचन आणि गणित यादीत नाहीत. संकटात असताना यादी करायला बसलं की माणूस सगळ्यात आधी खेळ सोडतो.

या वर्षीचं कॅलेंडर मुलीने मेमध्ये स्वतःच रंगवलं. ११ आणि २० च्या आधीचे लाल चौकोन मला विचारावेसुद्धा लागले नाहीत. जुलैचं पान उलटलं तेव्हा १८ तारखेच्या चौकोनात बारीक पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं: "आईशी बोलू नये. औटकी आजीकडे."